बिनपाण्याचा स्वयंपाक

चिंचोका भाजायला चुलीतली गरम राख पुरते. रात्रीच्या भाकरी थापून झाल्या की आमची आजी विस्तव मागं ओढायची, रिकाम्या झालेल्या जागेवर मूठभर चिंचोके टाकायची आणि वरून राख लोटायची. थोड्या वेळानं राखेतून टक् टक् असा आवाज यायला लागला की समजायचं, सालं तडकली. मग काडीनं एकेक बाहेर ओढायचा, दगडानं साल फोडायची आणि आतला गर गालात धरायचा. चावायचा नाही. पहिली दहा मिनिटं तर नाहीच. लाळेनं जरा मऊ पडला की दाढेखाली घ्यायचा आणि उंदरासारखा कडेकडेनं कुरतडत राहायचा. घरातून निघताना तोंडात टाकलेला चिंचोका शाळेच्या दारापर्यंत पुरायचा, आणि शाळा चांगली दोन मैलांवर होती.

चिनी लोकांच्या बिया खाण्याबद्दल वाचताना मला हा चिंचोका आठवला. तिकडं भाजलेल्या बियांना ‘ग्वात्झ’ म्हणतात. शब्दाचा अर्थ वेलफळाची बी. कलिंगडाची, भोपळ्याची, पण आता बोलीत सूर्यफुलाचीसुद्धा. नव्या वर्षाचा सण असो, लग्न असो, रेल्वेचा लांबचा प्रवास असो, समोर बियांची ताटली असते आणि शेजारी टरफलांचा ढीग वाढत असतो. पुढच्या दोन दातांत बी उभी धरायची, टक् करून फोडायची, जिभेच्या टोकानं गर आत ओढायचा आणि टरफल बाहेर टाकायचं. हे सगळं गप्पा न थांबवता. फंग झकाय नावाच्या चित्रकार-लेखकानं १९३४ साली यावर एक खुसखुशीत लेख लिहिला. काड्यांनी जेवणं, तंबाखू पेटवायची कागदाची सुरळी फुंकणं आणि बिया सोलणं या तीन विद्यांमध्ये कुणीही चिनी माणूस डॉक्टरेट मिळवील, असं त्याचं म्हणणं. आणि या टरफलांबरोबर देशाचा किती वेळ केरात जातो, ही त्याची अर्धी गंमत, अर्धी काळजी.

सवय जुनी आहे, पण सूर्यफूल त्यात उशिरा आलं. कलिंगड मूळचं आफ्रिकेतलं. ते दहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये रुळलं, आणि त्या शतकाच्या अखेरच्या एका भूगोलग्रंथात आजच्या बीजिंगच्या भागातल्या मालात ग्वात्झची नोंद आहे. सूर्यफूल अमेरिकेतलं, ते सतराव्या शतकात पोचलं आणि त्याच्या बियांनी बाजार काबीज करायला विसावं शतक उजाडलं. या सगळ्याच्या आधीचा एक पुरावा सारखा सांगितला जातो. छांगशा शहराजवळ मावांगत्वी इथं १९७२ साली दोन हजार वर्षांपूर्वीची एका सरदारपत्नीची कबर उघडली. शव इतकं टिकलेलं होतं की पोटात खरबुजाच्या १३८ बिया मोजता आल्या. पण बाईंनी खरबूज खाल्लं होतं, बिया त्याच्याबरोबर गेल्या. त्याला फराळ म्हणायचं असेल तर सीताफळ खाताना बी गिळणारी आमच्याकडची पोरंही त्यात धरावी लागतील.

या बियांनी पुढं चीनच्या अर्थकारणातही टरफल अडकवलं. आन्ह्वे प्रांतातल्या वूहू गावात न्यान ग्वांगज्यु नावाचा एक अडाणी फेरीवाला बिया भाजून विकायचा. ‘वेड्याच्या बिया’ हे त्याचं दुकानी नाव. सात जणांपेक्षा जास्त नोकर ठेवले की माणूस शोषण करणारा भांडवलदार ठरतो, असा तिकडं हिशेब होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच्या भट्ट्यांवर शंभरावर माणसं राबत होती. त्याचं काय करायचं, हा प्रश्न थेट चीनचे नेते डंग श्यावफिंग यांच्यापर्यंत गेला. त्याला हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं. १९९२च्या प्रसिद्ध दक्षिण दौऱ्यातही त्यांनी हे उदाहरण पुन्हा काढलं.

चिनी ग्वात्झ हे सवडीचं खाणं. हातात वेळ आहे, तो सोलायचा. आमच्या माणदेशात भाजलेला दाणा आला तो वेगळ्याच अडचणीतून, आणि ती अडचण म्हणजे पाणी.

माणगंगा कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात उगवते. दहिवडी, म्हसवड, आटपाडीच्या मुलखातून वाहत जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीपाशी भीमेला मिळते. वाहते म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. उरलेल्या वर्षात पात्रात वाळू असते. सातारा जिल्हा एकच, पण त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही ज्या वर्षी पडला त्या वर्षी. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. आमच्याकडं येतो तो नुसता वारा. इथं भात नाही. इथं ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी, हरभरा, करडई. ही सगळी कमी ओलीवर येणारी पिकं, आणि सगळ्यांचा दाणा कठीण.

कठीण दाणा शिजवायला पाणी लागतं आणि सरपणही लागतं. आधी भिजवा, मग तासभर उकळा. हुलगा तर शिजता शिजत नाही. तोच दाणा भाजला तर भांडं नको, आणि पाणी लागलंच तर शिंपडण्यापुरतं. जाळ लागतो तो थोडाच वेळ, आणि तयार झालेली वस्तू फडक्यात बांधून महिनाभर फिरवता येते. मेंढरं घेऊन बाहेरगावी निघालेल्या धनगराला, माळावर कुळव धरणाऱ्याला, पायी पंढरीला जाणाऱ्याला हेच सोयीचं. म्हणून मी भाजण्याला बिनपाण्याचा स्वयंपाक म्हणतो. आमचा खाऊ म्हणजे मुळात दुष्काळाची शिदोरी आहे.

हे इथलंच, आणि पुष्कळ जुनं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी लागोपाठ उत्खननं केली. इसवी सनापूर्वी सोळाशे ते सातशे या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथं जव, गहू, मसूर, वाटाणा, हुलगा असे दाणे सापडले. इतक्या वर्षांनी दाणे सापडतातच कसे? साधा दाणा मातीत कुजतो, किडे खातात, नाहीतर उगवून जातो. जो चुलीत सांडला, भाजताना हातून निसटला, करपून कोळसा झाला, तोच टिकतो. कोळशाला कुणी खात नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बायका काय रांधत होत्या हे आपल्याला कळतं ते त्यांच्या हातून करपलं म्हणून. घरोघरी दाणे करपले की ज्यांना बोलणी बसतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच इनामगावात शेवटच्या काळात हवा कोरडी होत गेली, शेती आटली आणि लोक जनावरं पाळत फिरस्ते झाले, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं आहे. माणदेशच्या माणसाला ती गोष्ट परकी वाटणार नाही.

शब्दही जुने आहेत. ऋग्वेदात इंद्राला सोमाबरोबर ‘धाना’ देतात, म्हणजे भाजलेले जव. ‘सक्तु’चं झालं सातू, ‘लाजा’च्या झाल्या लाह्या. भाजण्याचं भांडं किंवा भट्टी ती ‘भ्राष्ट्र’, आणि आपली भट्टी तिचीच नात. लग्नातला लाजाहोम अजून चालतो: नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, ती त्या अग्नीत सोडते. भटजींना घाई असेल तर हा विधी दोन मिनिटांत उरकतो आणि फोटोवाल्याला हवा असेल तर दहा मिनिटं चालतो, पण लाह्या लागतातच.

आता भट्टी. भडभुंजा हा शब्द उत्तरेकडून आला. भाड म्हणजे भट्टी, भुंजणं म्हणजे भाजणं. रसेल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींवर लिहिलेल्या ग्रंथात या जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्याकडं नुसतं भट्टीवाले म्हणतात. बाजाराच्या गावात कडेला एक कौलारू खोली, भिंती काळ्याकुट्ट, मध्ये जमिनीत उतरलेली चूल, तिच्यावर तिरकी बसवलेली लोखंडी कढई आणि कढईत वाळू. जळण म्हणून तुरकाट्या, वेड्या बाभळीचं लाकूड, शेंगांची टरफलं. पूर्वी घरचा हरभरा पाटीत घालून घेऊन जायचा आणि भाजून आणायचा; भाजणावळ पैशात, नाहीतर त्याच दाण्यातून चिपट्या-मापट्यानं.

वाळू कशाला, हा प्रश्न लहानपणी मी विचारला होता आणि ‘चिकटू नये म्हणून’ असं उत्तर मिळालं होतं. ते खरं आहे, पण अर्धं. नुसत्या कढईत दाणा टाकला तर तो एका ठिकाणी टेकतो. टेकलेली बाजू करपते आणि वरची कच्ची राहते. दोनशे-अडीचशे अंश तापलेल्या वाळूत तो बुडाला की चारी बाजूंनी एकसारखी आच लागते. आतल्या ओलीला हळूहळू निसटायला सवड मिळत नाही, तिची जागच्या जागी वाफ होते. मग भट्टीवाला चाळणीच्या झाऱ्यानं दाणे उचलतो, हिसका देतो, वाळू खाली गळते, दाणे वर राहतात. हे काम काही क्षणांचं. एवढ्यात हात चुकला तर इनामगाव.

वाळू माणगंगेत वर्षभर उघडी पडलेली. नदीनं पाणी दिलं नाही, निदान भाजायला वाळू तरी दिली, असं म्हणायला हरकत नाही. चीनमध्येही साखर घालून चेस्टनट भाजतात ते खडीसारख्या जाड वाळूतच; हाताचा हिसकाही तोच.

फुटाणा मात्र एका भाजण्यात होत नाही. हरभरा निवडून, चाळून सारख्या आकाराचा घेतात. पहिल्यांदा वाळूत थोडा तापवतात आणि बाहेर काढून ढीग करून झाकून ठेवतात. याला दम देणं म्हणायचं. दाण्याच्या पोटातली ओल या वेळात सगळीकडं सारखी पसरते. मग पाणी शिंपडायचं; खारे हवे असतील तर त्यात मीठ, पिवळे हवे असतील तर हळद. पुन्हा मुरू द्यायचं आणि दुसऱ्यांदा कडक वाळूत. आता टरफल आणि डाळ यांच्यामध्ये वाफ धरते, टरफल फुटतं, डाळ फुगून भुसभुशीत होते. फुटतो म्हणून फुटाणा. तेच टरफल घासून काढलं आणि दाण्याच्या दोन फाका केल्या की झालं डाळं. चिवड्यात घालतो ती पंढरपुरी डाळ ती हीच. वारीचं गाव, देवळाच्या वाटेवर प्रसादाची दुकानं, लाखो माणसं परत जाताना बांधून नेणार ती वस्तू टिकाऊ हवी. चुरमुरे, बत्तासे, फुटाणे, डाळं यांतलं काहीही आठ दिवसांच्या पायवाटेत नासत नाही.

सगळ्या हरभऱ्याचा फुटाणा चांगला होत नाही. डाळीला चालतो तो दाणा भट्टीत ठिक्कर राहतो. फुटाण्यासाठी गुलाबी हरभरा वेगळा. टरफल गुळगुळीत, पातळ, रंगानं फिक्कट. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘गुलक १’ नावाचं वाण खास यासाठी काढलं. आमच्याकडं रब्बीला पेरतात तो बहुतेक साधा, तांबूस, डाळीचा, आणि त्याचा फुटाणा जरा कडकच. पण चव त्यालाच, असं आमच्याकडचा कुणीही सांगेल; त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं.

हा दोनदा भाजण्याचा, मध्ये दम देण्याचा प्रकार आपल्यापुरता नाही. तुर्कस्तानात ‘लेबलेबी’ म्हणून फुटाणेच मिळतात आणि तिथं एका भाजणीनंतर हरभरा दिवस दिवस मुरवतात. हरभरा माणसानं पेरायला घेतला तोच मुळी त्या भागात, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, तेव्हा त्यांचा मान पहिला. रोमन कवी होरेस यानं नाटकाला येणाऱ्या सामान्य प्रेक्षकाची ओळख भाजके हरभरे विकत घेणारा म्हणून करून दिली आहे. यात्रेतल्या तमाशाला पुडी घेऊन बसणाऱ्या आमच्या मंडळींचे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे भाऊबंद.

यात्रा म्हटली की पुडी आलीच. मार्गशीर्षाच्या पाडव्याला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाट चढतात, खरसुंडीला जनावरांचा बाजार भरतो. प्रत्येक ठिकाणी मेवामिठाईच्या पालांत चुरमुऱ्यांचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी फुटाणे, शेव, रेवड्या, बत्तासे. यांत चुरमुरा पाहुणा आहे. तो तांदळाचा, आणि तांदूळ आमचा नाही. फुटाणा घरचा. एकत्र केले की मात्र दोघांत भेद करता येत नाही, आणि पुडीत खाली राहिलेले फुटाणे शेवटी मिळावेत म्हणून पोरं आधी चुरमुरे संपवतात.

ज्वारीच्या लाह्यांची गोष्ट आणखी वेगळी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्या घरोघरी होतात, कारण पंचमीला तवा ठेवायचा नाही, काही भाजायचं नाही, चिरायचं नाही. ज्वारीवर कढत पाणी शिंपडून ती फडक्यात गच्च बांधून रात्रभर ठेवतात. सकाळी कढई चांगली तापली की मूठ-मूठ टाकायची आणि कापडाच्या बोळ्यानं भराभर फिरवायची. आधी एखादी उडते, मग चार, मग तडतड अशी सुरू होते की चुलीपासून हातभर लांब बसावं लागतं. बोलायला लागली की लाह्या फुटतात, असं ज्या बाईबद्दल म्हणतात तिचं बोलणं या वेगाचं असतं.

लाही फुटते ती का? दाण्याचं कवच घट्ट असतं आणि आत पिठाबरोबर थोडी ओल कोंडलेली असते. तापल्यावर ओलीची वाफ होते पण कवच तिला बाहेर सोडत नाही. दाब वाढत वाढत जातो. मक्याच्या लाहीवर संशोधकांनी मोजून पाहिलं आहे: आतलं तापमान १८० अंशांच्या आसपास गेलं की कवच हार मानतं, दाब एकदम सुटतो आणि वितळल्यासारखं झालेलं पीठ फेसासारखं फुलून तिथंच थिजतं. ज्वारीतही हेच होतं, फक्त दाणा लहान. ओल कमी असेल तर वाफ पुरत नाही आणि गणंग राहतात. जास्त असेल तर कवच मऊ पडून आधीच फाटतं. आजीचं ‘पाणी बेतानं मार’ हे सांगणं एवढ्यासाठी होतं. मालदांडी ज्वारी भाकरीला उत्तम, पण लाहीला तिचा दाणा तितका फुलत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं लाह्यांसाठी वेगळं वाण दिलं, आणि कुणीतरी रसिकपणानं त्याचं नाव ‘फुले पंचमी’ ठेवलं.

भाजायला दाणा वाळलेलाच हवा असंही नाही. पौष-माघात ज्वारी दुधातून चिकात येते तेव्हा हुरडा. शेतातच खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची आणि फुंकर मारून तोंडात. पहिल्या बाजीरावाबद्दल एक आख्यायिका आहे. निजामानं चित्रकार पाठवला, जसा दिसेल तसा काढ म्हणून. त्यानं काढलं ते असं की पेशवा घोड्यावर लगाम सैल सोडून बसला आहे आणि कणसं हातावर चोळून खात चालला आहे. चित्र पाहून निजामानं तह केला म्हणतात. आख्यायिका आहे, पण तिच्यातलं खाणं अगदी खरं वाटतं. हिरव्या हरभऱ्याचे डहाळे पाचोळ्याच्या जाळावर धरून घाटे भाजले की तो हावळा. तोंड, हात, सदरा, सगळं काळं होतं. शहरातून हुरडा पार्टीला येणारी मंडळी टिश्यू पेपर मागतात, तेव्हा त्यांना हावळा देऊ नये.

शेंगदाण्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही, पण तो या घरात सगळ्यांत धाकटा. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हियाच्या बाजूचा. पोर्तुगीजांच्या गलबतांचं युग सुरू झाल्यावर तो जगभर पसरला. नवी वस्तू आली की जुन्या नावाला बांधायची ही आपली रीत, म्हणून हा भुईतला मूग. चिनी माणसानं त्याच्याकडं जास्त नीट पाहिलं. तिकडचं नाव ‘लवह्वाशंग’, म्हणजे फूल पडून जन्मलेला. खरंच तसं होतं. फूल वर लागतं, फळ धरलं की त्याचा देठ, आपल्याकडं ज्याला आरी म्हणतात तो, लांबत लांबत जमिनीत घुसतो आणि तिथं शेंग भरते. त्यांच्या ‘शंग’शी आपल्या ‘शेंग’चा काही संबंध नाही, योगायोग आहे, पण ऐकायला बरं वाटतं. आऱ्या घुसायला माती भुसभुशीत लागते, म्हणून आमच्या हलक्या मुरमाड रानात भुईमूग जमला. कराडच्या संशोधन केंद्रातलं ‘कराड ४-११’ आणि पुढं जळगावचं ‘फुले प्रगती’ ही वाणं जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहेत.

कच्चा दाणा आणि भाजलेला दाणा यांची चव इतकी वेगळी का, याचं उत्तर लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९१२ साली शोधलेल्या क्रियेत आहे. आच लागली की दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळतात. रंग तांबूस होतो आणि त्यातूनच खमंग वासाचे नवे पदार्थ तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, फुटाणा, भाजणी, मेतकूट, सगळ्यांचा वास याच घराण्यातला. एका गोष्टीवर मात्र भाजण्याचा इलाज नाही. ओल लागून बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या पेंडीमुळं लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा ते उघडकीला आलं. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. पुडीतला एखादा दाणा कडवट लागला तर भिडेखातर गिळू नका, थुंकून टाका.

सूर्यफूल आमच्याकडंही आलं. रशियातून त्याचं बियाणं भारतात आलं ते १९६९ साली, तेलासाठी. चीननं ज्या बीची ताटली मांडली ती आम्ही घाण्याला घातली. करडईचंही तसंच: ज्वारीच्या कडेनं काटेरी कुंपण म्हणून पेरायची, आणि दाण्याचं तेल काढायचं. सोलून खाण्याइतकी सवड या मुलखाला नव्हती, असं माझं मत. बी सोलत बसण्यात जेवढी ताकद जाते तेवढी त्या बीतून परत मिळायला हवी. तेल काढलं तर वर्षाची फोडणी निघते.

मावांगत्वीची कबर उघडली त्याच १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर माणदेशातली घरंच्या घरं गेली. तिथं सुकडी वाटायचे. तीही भाजलेल्या पिठाचीच, कारण हजारो माणसांसाठी शिजवायला पाणी कुठून आणायचं? बाहेरून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नव्हती, त्या वर्षाच्या आठवणी सांगताना म्हातारी माणसं चिंचोक्यांचं नाव काढतात. भाजलेले चिंचोके दळून पिठात मिसळायचे. चिंचेला दुष्काळ लवकर लागत नाही. मुळं खोल असतात.

चिंचोका नुसता खायचाही नव्हता. म्हसवडच्या बाजूला सनगर लोक घोंगड्या विणतात. मेंढीच्या लोकरीचा ताणा मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते, नाहीतर धागा तुटतो. ती खळ चिंचोक्यांची: भाजायचे, साल काढायची, भिजवून वाटायचे, शिजवायचे आणि कुंच्यानं ताण्यावर ओढायचे. नवी घोंगडी खरखरीत आणि ताठ असते ती या खळीनं. १९४०च्या दशकात कापडगिरण्यांना आणि ज्यूट गिरण्यांना कांजीसाठी स्टार्चला पर्याय हवा होता, तेव्हा चिंचोक्याची भुकटी कारखान्यात जाऊन पोचली. आजही जाते, शिवाय कागदाला आणि औषधांनाही लागते. धनगर-सनगरांना हे गिरण्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. राहिलेले चिंचोके दगडावर घासून अर्धे करायचे, एक बाजू काळी, एक पांढरी, की झाले सोंगट्यांच्या डावाचे फासे. एवढी कामं करणारी दुसरी बी माझ्या पाहण्यात नाही.

आता भट्ट्या कमी झाल्या. गॅसवर फिरणारे पिंप आले, त्यात मशीन स्वतः हिसके देतं, आणि फुटाणे प्लास्टिकच्या पाकिटात सातारा, पुणे, मुंबईहून परत माणदेशातल्या टपरीवर येतात. पिंपातला दाणा सारखा भाजतो हे कबूल. त्याला धुराचा वास नसतो, हेही कबूलच करावं लागेल. चिंचोके मात्र आमच्याकडच्या टपरीवर पाकिटात मी अजून पाहिलेले नाहीत.

ते घरीच करावे लागतात. चिंच फोडून झाली की बिया फेकू नका. धुऊन वाळवा, जाड कढईत जाड मीठ नाहीतर वाळू तापवा आणि झाकण ठेवून भाजा, उडतात. साल तडकली की काढा आणि गार झाल्यावर गालात धरा. दाढेत सिमेंट भरलेलं असेल तर मात्र शेजारच्या पोराला द्या.